फसलेल्या बुटांच्या खुर्च्या

५ फेब्रुवारी

विहीणबाई,

नमस्कार घ्या आणि आधी पार्सल उघडा. आतून काळं, गोल, वाटीएवढं जे निघेल ते खायचं नाही, काठीच्या टोकाला घालायचं आहे. घालायच्या आधी काठी पुसा. तुम्ही शिवणाच्या बाई, तुमच्या घरात धूळ नसते असं तुमची लेक म्हणते, तरीही पुसा.

अक्षराला हसू नका. चौथीनंतर शाळेने माझी चौकशी केली नाही आणि मीही शाळेची केली नाही. फोन केला असता, पण फोन आला की तुमची लेक माझ्या शेजारी येऊन उभी राहते, आणि तिच्यासमोर तिच्याबद्दल काय बोलणार? कपाळ?

तर ऐका. तुम्ही न्हाणीघरात घसरलात, खुबा मोडून घेतलात, तेव्हापासून सूनबाईच्या डोक्यात काठीचा बूट शिरलाय. म्हणाली, "बाजारातला बूट कोरड्या फरशीवर धरतो आणि ओल्यावर सोडतो. माणूस पडतं ते ओल्यावर." मी म्हटलं, मग तू काय करणार? तर म्हणाली, "ओल्यावर धरणारा करणार." जसं काही स्वेटर विणणार.

आमचा कारखाना तुम्ही लग्नात पाहिलात, तेव्हा नाक मुरडलं होतं ते मला दिसलं होतं. तोच. घरामागची शेड, दोन जुने प्रेस, स्टुलांचे बूट आणि नळांचे वॉशर. हल्ली बाहेरचा माल इतका स्वस्त येतो की आमचे वॉशर कोण घेतं? एक ठोक व्यापारी मागे लागलाय. मशीन, साचे, शेड, सगळं विकत घेतो म्हणतो. बोलणं इतकं गोड की मी त्याचं नाव गुळगुळीत ठेवलंय. तुमचे जावई अर्धे विरघळलेत. मे महिन्याच्या शेवटी सही करायची असं ठरत आलंय. सही झाली की सूनबाई कुणाच्या तरी गोदामात खोकी बांधणार. ती बोलत नाही, पण प्रेसला हल्ली उगाच फडकं मारत बसते.

आणि आता मुख्य बातमी, बसून वाचा. सरकार म्हणे छोट्या कारखान्यांना काही नवीन शोधून काढायला मदत देतंय! सूनबाईने कुठल्याशा सभेत ऐकलं, दुसऱ्या दिवशी अर्ज टाकून आली. अर्धा खर्च सरकार देणार आणि परत मागणार नाही. मी म्हटलं, परत मागत नाहीत म्हणजे यात नक्की काहीतरी खोट आहे. चिरंजीव म्हणाले, "आई, तुला चांगल्या बातमीने अपचन होतं." होतं खरं. पण विहीणबाई, तेव्हापासून मला बसवत नाही. दिवसभर शेड ते घर, घर ते शेड. मदत मिळाली तर गुळगुळीतला मी स्वतः दार दाखवणार आहे. काय बोलायचं तेही ठरवून ठेवलंय.

सूनबाई सकाळी रबरात गंधक आणि काजळी मिसळते, साच्यात कोंबते, गरम प्रेसखाली दाबून भाजते. निघाला बूट की आतल्या बाजूला खिळ्याने अक्षर कोरते, क, ख, ग असं ओळीने, आणि ओल्या लादीवर मला चालवते. मी म्हणजे तिची प्रयोगाची म्हैस. बहुतेक बाद होतात. परवाचा तर असा निघाला की धरतो गोचिडीसारखा, पण उचलताना "चुक्क!" करतो. कुणी मुका घेतल्यासारखा. चिरंजीव तिथेच होते, लाजून बाहेर गेले. सूनबाई म्हणाली, "बाद. असा आवाज करत भर रस्त्यात कोण चालेल?"

बाद मालाचे त्याच दिवशी कोयत्याने दोन तुकडे करायचे, हा आमच्या ह्यांचा नियम. आपला शिक्का मारलेला वाईट माल जगात फिरता कामा नये. कोयता माझ्या ताब्यात असतो. त्याबद्दल जास्त विचारू नका.

पाठवलाय तो सध्याचा सगळ्यात बरा. अर्जाला खऱ्याखुऱ्या काठीवाल्या माणसांचा अनुभव जोडायचा आहे. ज्या न्हाणीघरात पडलात तिथेच चालून बघा आणि काय वाटलं ते लिहा. लवकर.

तुमची विहीण

ता. क. आमच्या घरातल्या लोखंडी खुर्च्या हल्ली फरशीवर करकरत नाहीत. चिरंजीव मागे येऊन कधी बसतात कळत नाही. दचकायला होतं.


१४ फेब्रुवारी

विहीणबाईंस सादर नमस्कार.

पत्र आणि पार्सल पोचले. अक्षर वाचायला त्रास झाला नाही, बोलणे वाचायला थोडा झाला. लग्नात मी नाक मुरडले नव्हते. शेडमध्ये गंधकाचा वास होता, त्याला मी काय करणार?

बूट अप्रतिम आहे. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जाऊन आले. दुकानदार म्हणाला, "बाई, तुम्ही तर पूर्वीसारख्या चालायला लागलात!" न्हाणीघरातही रोज जाते. जरादेखील सरकत नाही. काही उणे म्हणून सांगायचे तर काहीच नाही. असे अर्जात खुशाल लिहा. हवे तर माझ्या नावाने आणखी चांगले लिहा.

लेकीला सांगा, रात्रीची जागू नकोस. आणि विक्रीचे मला तिने एका शब्दाने कळवले नाही, तुमच्याकडून कळले. तिला विचारू नका. तिने लपवले तर लपवू दे, मी काळजी करीन म्हणून लपवले असेल. काहीही करून ही मदत तिला मिळाली पाहिजे. माझ्याकडून जे लागेल ते मागा.

आपली,
विहीण


८ मार्च

विहीणबाई,

सरकार घरी येऊन गेलं! सरकार म्हणजे एक पोरसवदा बाई, जाड चष्मा, पायात सपाट चपला आणि खांद्यावर एवढी मोठी पिशवी. मी नाव ठेवलं चष्मेवाली. मला वाटलं होतं चारचाकीतून कुणी पोटवाले येतील. ही दुचाकीवरून आली, घामाघूम. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "बस बाई, सरकार इतकं बारीक असतं हे माहीत नव्हतं." हसली. तेवढ्यापुरती मला आवडली.

मग तिने पिशवीतून काय काय काढलं! वजनकाटा, उतरती लादी, पाण्याची फवारणी. बूट लादीवर ठेवून ओढला, आकडा बघितला, पुन्हा ओढला. सूनबाईचे कान लाल. चिरंजीव पंख्याचं बटण चालू-बंद करत उभे. शेवटी चष्मेवाली म्हणते, "छान धरतो की! बाजारातल्यापेक्षा कितीतरी छान." मी मनात गुळगुळीतला दार दाखवून मोकळी झाले.

आणि मग तिने विचारलं, "तुमचे फसलेले नमुने दाखवा."

सूनबाई म्हणाली, "फसलेले?"

"हो, याच्या आधीचे. जे जमले नाहीत ते."

मी मध्ये पडले. मला काय माहीत! छाती काढून म्हटलं, "ताई, या कारखान्यात फसलेलं काही दिवस मावळेपर्यंत राहत नाही. आमच्या ह्यांचा नियम आहे. कोयता दाखवू?"

तिचा चेहराच पडला. म्हणाली, "आजी, मोठ्या कंपन्यांकडे प्रयोगशाळा असतात. दहादा फसलं तरी त्यांचं काही बिघडत नाही. तुमच्यासारख्यांकडे डोकं असतं, हात असतात, पण फसायची ऐपत नसते. सरकार तीच ऐपत देतंय. शोधायचा खर्च वाटून घेतंय. तयार बूट विकत घेत नाहीये."

"मग आम्ही आजवर फुकटच फसत होतो म्हण की," मी म्हटलं.

"फुकट फसलात, आणि पुरावाही कापून टाकलात. मला तुमच्यावर विश्वास आहे. पण समितीचे साहेब विचारतील, हा एकच बूट कुठून आला? बाहेरून आणून शिक्का मारला नाही कशावरून? मी काय सांगू?"

बारा एप्रिलला ती समितीच्या साहेबांना घेऊन येणार. त्या दिवशी शोधाची वाट दाखवता आली पाहिजे, म्हणजे काय केलं, काय बिघडलं, मग काय बदललं. ती गेल्यावर सूनबाईने प्रेस बंद केला आणि त्याच्यावर हात ठेवून उभी राहिली. म्हणाली, "सासूबाई, पुन्हा सगळे करायला तेवढं रबर नाही आणि तेवढा वेळ नाही." माझ्या पोटात एक गोष्ट आहे. ती बाहेर काढायची तर माझं नाक कापलं जातं, कारण याच नियमावरून मी या घरात सगळ्यांना आयुष्यभर बडवलंय. बघते काय ते.

तुमचं काम आता वाढलं. चष्मेवालीला वापरून झिजलेला बूट हवाय. जिथे झिजला तिथे जोर येतो, असं काहीतरी ती सांगत होती. तुमचा पहिला बूट परत पाठवा. दुसरा सोबत आहे.

घाई करा. माझ्या जिवाची नुसती तगमग चाललीय, आणि या वयात ती तब्येतीला बरी नाही असं डॉक्टर म्हणतो. तगमग मात्र डॉक्टरला विचारून येत नाही.

तुमची विहीण


१७ मार्च

विहीणबाईंस नमस्कार.

बूट परत पाठवत आहे. अनुभवही वेगळ्या कागदावर सुवाच्य लिहून जोडला आहे. रोज सकाळ-संध्याकाळ फेरी, न्हाणीघर, अंगण, जिना. कोठेही तक्रार नाही. पार्सल शेजारची नर्स टाकून येईल, मला आज जरा शिवणाची गडबड आहे.

तुमच्या पोटातली गोष्ट काय ते कळले नाही. मात्र माझ्या लेकीचे ज्याने भले होईल ते बाहेर काढा. तुमच्या नाकाची काळजी नंतर करू.

आपली,
विहीण


२२ मार्च

विहीणबाई,

नमस्कार वगैरे राहू दे.

बूट मिळाला. बरं झालं सूनबाई रबर आणायला गेली होती, पार्सल मी उघडलं. आत हात घातला, बाहेर काढला, उलटा केला. बघते तर काय, तळाला साच्याची रेघ!

तुम्हाला माहीत नसेल म्हणून सांगते. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बुटाला एक बारीक रेघ उमटते, केसाएवढी. काठी टेकवत दाराबाहेर जाऊन आलात की ती पहिली जाते. तुमच्या बुटाची रेघ जशीच्या तशी आहे. तुम्ही म्हणे दुकानात गेलात. जिना चढलात. अंगणात फेऱ्या. हा बूट काय हवेतून गेला? काठी खांद्यावर घेऊन फिरत होतात, का काठीला घेऊन दुकानदार फिरत होता?

आणि "शिवणाची गडबड"! गेली कित्येक वर्षं तुमचं मशीन माळ्यावर आहे, तुमच्या लेकीनेच सांगितलंय.

तुमचा तो सुवाच्य कागद मी फायलीत लावला नाही. लावला असता आणि त्या चष्मेवालीने बूट उलटा केला असता तर आमची सगळी खरी मेहनतही खोटी ठरली असती. ती करतेच उलटा. पहिल्यांदा आली तेव्हाही आधी बूट उलटा केला, मग माझ्याकडे बघितलं. सूनबाईलाही दाखवला नाही. तिला वाटतंय तिची आई बाजारहाट करतेय. रोज प्रेसपाशी म्हणते, "आई चालतेय ना, मग बाकीचं जमेल." हे ऐकून घेताना माझी काय गत होत असेल?

एक सरळ विचारते, सरळ सांगा. तुम्ही पलंगावरून उठता तरी का?

तुमची विहीण


३० मार्च

विहीणबाई,

नाही उठत.

हाड जुळले आहे. डॉक्टर म्हणतात, चाला. कामाची बाई म्हणते, चाला. मी काठी हातात घेते, पाय खाली सोडते आणि फरशीकडे बघत बसते. मग पाय वर घेते. न्हाणीघरात मला ती आणि शेजारची नर्स, दोघी धरून नेतात. इतकी वर्षे मुलींना सांगितले, टाका चुकला तर उसवा आणि पुन्हा घाला. आणि मीच एका चुकलेल्या टाक्यावर अडून बसले आहे.

खोटे लिहिले ते लेकीसाठी. मला वाटले सरकारला चांगले ऐकायचे असणार. कोणाला वाईट ऐकायचे असते? आणि तिला कळले असते की आई पलंगावर आहे, तर ती सगळे टाकून इकडे आली असती. मग तो गुळगुळीत जिंकला असता.

तुम्ही सरळ विचारले म्हणून सरळ सांगते. तुमचा बूट वाईट नाही. पण त्याने फरशी धरली की नाही, हे मला कळत नाही. चष्मा लावूनही पायाखाली नीट दिसत नाही. हाताला सगळे सारखेच लागते. पडले तेव्हाही हाताला असेच वाटले होते, की काठी धरून आहे. धरून नव्हती. आता ती धरते हे मला कोण सांगणार?

हे फायलीत लावू नका. लेकीला सांगू नका. रागावलात तर तुमचा हक्क आहे.

विहीण


१२ एप्रिल, संध्याकाळ

विहीणबाई,

अहो विहीणबाई! गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय. ओळी वर-खाली गेल्या तर मान वाकडी करून वाचा.

आले ते. चष्मेवाली आणि समितीचे साहेब. साहेब म्हणजे उंच, हडकुळे, कोणत्याही गोष्टीकडे मान कलती करून बघणारे. शेडमध्ये बसायला जागा कुठे? चिरंजीवांनी घरातल्या लोखंडी खुर्च्या आणि थोडी स्टुलं बाहेर आणून मांडली. मी बघतच राहिले. सगळेच्या सगळे नेमके त्याच्यावर येऊन बसले!

साहेबांनी बूट ओढून बघितला. चांगला आहे म्हणाले. मग तोच प्रश्न. "याच्या आधी काय काय केलंत?"

सूनबाईने तोंडी सांगितलं, सगळं, न अडखळता. तळाला आधी आडव्या खाचा दिल्या, पाणी अडकलं. मग उभ्या दिल्या, काठी डुगडुगली. मग रबर मऊ केलं, लगेच झिजलं. मला वाटलं टाळ्या वाजवाव्या. साहेब मान कलती करून म्हणाले, "ऐकायला छान वाटतं. पण दाखवायला काहीच नाही का? आमचेही हात बांधलेले असतात हो."

चष्मेवालीने खाली बघितलं. चिरंजीव खिडकीबाहेर बघायला लागले, तिकडे गुळगुळीतचं दुकान आहे. सूनबाई फक्त एवढंच म्हणाली, "आमच्याकडे बाद माल ठेवत नाहीत."

मी भिंतीवरच्या आमच्या ह्यांच्या फोटोकडे बघितलं. म्हटलं, तुम्ही आता डोळे मिटा. आणि पुढे झाले.

"साहेब, उठा."

"काय?"

"खुर्चीवरून उठा. तुम्ही ज्याच्यावर बसलाय तेच तुम्ही मागताय."

ते उठले. मी खुर्ची धरली आणि उलटी केली. चारी पायांना चार काळे बूट. आडव्या खाचांचे! शेजारचं स्टूल उलटं केलं, उभ्या खाचांचे. चष्मेवाली स्वतःच उठली आणि तिने आपली खुर्ची उताणी केली, मऊ रबराचे, चपटे झालेले. मग काय, एकच दंगा! चिरंजीव आतून उरलेली स्टुलं घेऊन पळत आले. सूनबाई जमिनीवर बसून एकेक बूट उपसतेय, आत बोट घालून अक्षर वाचतेय, "हा ग! सासूबाई, हा ग आहे! आणि हा च, मी हा शोधत होते!" साहेब बाहीवर काळे डाग पडले तरी भान नसल्यासारखे गुडघ्यावर बसून ओळ लावतायत. सरकार आमच्या शेडमध्ये रांगत होतं, विहीणबाई, रांगत!

चिरंजीव माझ्याकडे बघून म्हणाले, "आई, मी लहानपणी एक वाकडा वॉशर खेळायला ठेवला होता, तर तू मला..."

"तो वॉशर होता," मी म्हटलं. "गप्प बस."

साहेबांनी विचारलं, "आजी, का नाही कापलेत?"

खरं ते सांगितलं. चांगलं रबर. आमच्या खुर्च्या इतक्या करकरायच्या की कान किटले होते. पोरीची दिवसभराची मेहनत आणि खुर्चीचा पाय, दोन्ही एकाच मापाचं निघालं. शिक्का जगात फिरायला नको हा नियम. पण आमच्या खुर्चीखाली तो कुठे फिरतोय?

आता तुमच्याबद्दल. रागवा, पण वाचा. साहेब म्हणाले, वापरणाऱ्यांचा अनुभव? मी उभी राहिले आणि सांगितलं, एक बाई आहे, खुबा मोडलेली, तिला हा बूट पाठवला आणि ती पलंगावरून उतरलीच नाही. सूनबाईने झटकन माझ्याकडे बघितलं. तिला कळलं कोण ते. मी तिच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर पुढचं तोंडातून निघालं नसतं. म्हटलं, ती म्हणते, काठीने फरशी धरली हे मला कोण सांगणार?

मला वाटलं, गेलं सगळं. पण चष्मेवालीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाली, "ही सगळ्यात कामाची माहिती आहे. बूट धरतो एवढं पुरत नाही. धरलंय हे माणसाला कळलं पाहिजे."

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एकाच न उलटलेल्या स्टुलावरून चिरंजीव उठले, नेहमीसारखे हळूच, आणि तपासणीत सांडलेल्या पाण्यातून त्यांच्या हाताने स्टूल उचललं गेलं...

"चुक्क!"

सूनबाई अशी उडाली! "सासूबाई! चुक्क! तो बोलतो! धरला की बोलतो!"

साहेबांनी ते स्टूल ओल्या फरशीवर पुन्हा ठेवलं, उचललं. चुक्क. पुन्हा. चुक्क. एवढा मोठा माणूस, हसायलाच लागला. चिरंजीव यावेळी लाजले नाहीत.

समितीने सांगितलंय की वाट दिसली. आता बोलणारा बूट खऱ्या माणसाने वापरून त्याचा खरा अनुभव मेच्या मध्यापर्यंत द्यायचा, मग निर्णय. सूनबाईने प्रेस तापवला आणि लगेच साचा घासायला बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तुम्ही दोघी मिळून मला फसवत होतात." मी म्हटलं, "हो. जमलं नाही." यावर तिला हसू आलं का रडू, ते मी बघायला थांबले नाही.

सोबत चुक्क पाठवलाय. सूनबाई म्हणते, तुमच्या खोलीत येऊन धरते. मी तिला आणि तुम्हाला दोघींना सांगते, नको. यात गोड बोलणारं कुणी जवळ नको.

आणि एक ऐका. चांगलं लिहून पाठवलंत तर पत्र मी चुलीत घालीन. मला वाईट पाहिजे.

तुमची विहीण


६ मे

विहीणबाई,

तुमच्यावर चार दिवस रागावले. पाचव्या दिवशी लेकीचा फोन आला. ती रागावली नाही, विचारलेही नाही. फक्त म्हणाली, "आई, बूट काठीला बसला का सैल होतो?" मी म्हटले, अजून घातला नाही. "बरं," म्हणाली आणि ठेवला. त्या "बरं"ने मला झोप लागू दिली नाही.

सकाळी कामाची बाई यायच्या आधी घातला. पलंगावर बसूनच काठी ओल्या फडक्यावर टेकवली आणि उचलली. आवाज झाला. तुम्ही म्हणता तसला. एकटीच होते म्हणून बरे. पुन्हा टेकवली, पुन्हा आवाज. कितीदा तरी करून बघितले, लहान मुलीसारखे. मग उभी राहिले.

त्याच्यापुढचे वर्णन करत नाही, तुम्हाला आवडायचे नाही. अनुभव लिहिते.

एक, उचलताना जोर जास्त लागतो, मनगट दुखते. दोन, कोरड्या फरशीवर आवाज येत नाही, तेव्हा पुन्हा भीती वाटते. कोरड्यावरही थोडा बोलेल असे करता आले तर बघा. तीन, न्हाणीघराच्या दारात डावीकडे वळताना बुटाची कड आत दुमडते आणि तिथे धरत नाही. हे नीट करायलाच हवे. कपड्याची कड अशी दुमडू लागली की मी मुलींना आतून त्याच कापडाची बारीक पट्टी लावायला सांगायची. रबराला अशी पट्टी लावता येते का, मला ठाऊक नाही. लेकीला विचारा.

बूट सोबत परत पाठवत आहे. नर्सने नाही, मीच कोपऱ्यावरच्या पोस्टात नेऊन देणार आहे. दुकानदार काय म्हणतो बघू.

विहीण


२१ मे

विहीणबाई,

बूट आला. उलटा केला. रेघ गेली! एका बाजूने तर पार घासलाय. मी तो अख्ख्या गल्लीला दाखवून आले. कुणाला काही कळलं नाही, पण माझ्या तोंडासमोर सगळे छान म्हणाले.

मदत मंजूर झाली. बातमी सांगायला चष्मेवाली मुद्दाम आली होती, पत्राची वाट न बघता. तुमच्या तीन तक्रारी तिने पुन्हा एकदा उभ्याने वाचल्या आणि म्हणाली, समितीत याच कागदावर सगळ्यात जास्त वेळ बोलणं झालं. नवा साचा बनवायला द्यायचा आहे, प्रयोगशाळेत कोरड्या आवाजावर काम होणार आहे, आणि हे सगळं फसलं तरी चालेल, असं लेखी आलंय! मी ते वाक्य दोनदा वाचून घेतलं. आमच्या ह्यांच्या फोटोलाही वाचून दाखवलं.

गुळगुळीत सह्यांचे कागद घेऊन आला होता. दार दाखवायचं मी केव्हापासून ठरवून ठेवलं होतं, पण आधी चिरंजीवच उठले आणि म्हणाले, "बसा की, घाई काय आहे?" त्याला बसवलं नेमकं चुक्कच्या स्टुलावर, खाली पाणी शिंपडून. उठताना जो आवाज झाला! तो इतका घाबरला की कागद विसरून गेला. कोयता कुठे ठेवलाय मला आठवत नाही, नाहीतर त्याचे दोन तुकडे केले असते. कागदांचे.

आता तुमच्या लेकीचं सांगते आणि संपवते. बूट आला त्याच दिवशी तुमचं पत्र मी तिला प्रेसपाशी नेऊन दिलं. उभ्यानेच वाचायला लागली. पहिली तक्रार वाचली, मान हलवली. दुसरी वाचली, ओठ चावला. तिसरीला थांबली. मी म्हटलं, कड दुमडते म्हणून वाईट वाटलं का? होईल दुरुस्त.

तर म्हणाली, "डावीकडे वळताना? सासूबाई, म्हणजे आई वळली!"

आणि पट्टी कापायला घेतली.

आणखी काही दुखत-खुपत असेल तर लिहा. बुटाचं. तुमच्या मनगटाचं डॉक्टरला सांगा.

तुमची विहीण